नोंदणी प्रमाणपत्र गहाळ होते तेव्हा

प्रस्तावना

घर किंवा जमीन घेताना आपण जितके सावध असतो, तितके वाहनाच्या व्यवहारात नसतो. ओळखीच्या माणसाकडून जुनी मोटार घ्यावी, ठरलेली रक्कम द्यावी, किल्ली हाती पडावी, की व्यवहार पुरा झाला असे आपल्याला वाटते. कागदपत्रांचे पाकीट 'सावकाश पाहू' असे म्हणून कपाटात ठेवले जाते. पुढे केव्हातरी घर बदलताना, प्रवासात, नाहीतर पावसाळ्यातल्या आवराआवरीत त्यातले नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले 'आर.सी. बुक', नाहीसे होते. ते पुन्हा मिळवण्यासाठी खरेदीदार परिवहन कार्यालयात जातो आणि त्याला पहिलाच प्रश्न विचारला जातो, "मोटार कोणाच्या नावावर आहे?"

हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. या पाठात आपण त्या प्रश्नाचा कायदेशीर अर्थ समजून घेणार आहोत, आणि अशा प्रसंगी जो अर्ज लिहावा लागतो त्याची भाषाही अभ्यासणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला मोटारीची मालकी आणि मोटारीची नोंद यांतील फरक सांगता येईल; प्रमाणपत्र गहाळ झाल्यास कोणी, कोठे आणि कोणत्या क्रमाने अर्ज करावा हे स्पष्ट करता येईल; तसेच 'गहाळ', 'दुय्यम प्रत', 'हस्तांतरण' यांसारखे शब्द योग्य अर्थाने वापरून कार्यालयीन अर्ज लिहिता येईल.

मूळ पाठ

मोटार ही जंगम वस्तू आहे. वस्तुविक्री अधिनियम १९३० या कायद्यानुसार वस्तूचा सौदा ठरला, किंमत आणि ताबा यांची देवघेव झाली, की विकणारा आणि घेणारा या दोघांपुरती ती वस्तू घेणाऱ्याची होते. या अर्थाने 'मोटार माझी आहे' असे खरेदीदार म्हणतो, त्यात खोटे काही नसते.

परंतु मोटार ही पलंगासारखी किंवा शिवणयंत्रासारखी घरात राहणारी वस्तू नव्हे. ती सार्वजनिक रस्त्यावर धावते, तिच्यामुळे अपघात होऊ शकतो, गुन्ह्यात तिचा वापर होऊ शकतो. म्हणून तिच्यासाठी वेगळा कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम २ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक, असा तिचा आशय आहे. वाहन कर्जाऊ घेतलेले असल्यास किंवा नोंद अज्ञान मुलाच्या नावे असल्यास काही अपवाद आहेत. पण मुख्य सूत्र हेच.

म्हणजे एकाच मोटारीचे दोन 'मालक' संभवतात. एक, सौद्याने झालेला. दुसरा, नोंदवहीत राहिलेला. खासगी विक्रीत बहुतेक सगळे तंटे या दोन मालकांमधल्या अंतरातून जन्म घेतात. कागद हरवला नसता तर हे अंतर कदाचित आणखी काही वर्षे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

हे अंतर किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण पाहू. उत्तर भारतातील एका गृहस्थाने २००७ साली आपली मोटार विकली. नोंद मात्र त्याच्याच नावे राहिली. ती मोटार पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हस्ते-परहस्ते जात राहिली. मे २००९ मध्ये मोटार मागे घेतली जात असताना अपघात झाला आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. नुकसानभरपाई कोणी द्यायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की अपघाताच्या दिवशी नोंदवहीत ज्याचे नाव होते, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईचे दायित्वही त्याचेच. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याने मोटार कोणी कोणाला विकली याचा माग काढत दारोदार फिरावे, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही, हे त्यामागील कारण होते. मोटार विकून पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या माणसाला हा निर्णय कठोर वाटला असेल. पण अपघातग्रस्ताच्या बाजूने विचार केला, तर त्याहून न्याय्य मार्ग सुचणे अवघड आहे.

आता गहाळ प्रमाणपत्राकडे वळू. अमेरिकेतील राज्यांत मोटारीच्या मालकी हक्काचा एक स्वतंत्र कागद असतो. विकणारा त्यावर सही करून तो घेणाऱ्याच्या हाती देतो. आपल्याकडे असा निराळा कागद नाही. आपले नोंदणी प्रमाणपत्र हा परिवहन कार्यालयातील नोंदीचा उतारा आहे. सातबाराचा उतारा हरवला म्हणून जमीन जात नाही, त्याचप्रमाणे हे प्रमाणपत्र हरवले म्हणून नोंद पुसली जात नाही. ती कार्यालयाच्या दप्तरी आणि आता 'वाहन' या संगणकीय प्रणालीत असतेच. जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र एक खात्री करून घ्यावी. पूर्वीच्या पुस्तिकेतील नोंदी संगणकावर चढवल्या गेल्या आहेत ना, हे कार्यालयात आधीच विचारावे. चढल्या नसतील तर आधी ते काम करून घ्यावे लागते आणि त्यात वेळ जातो.

पाठगत प्रश्न १

(अ) मोटार वाहन अधिनियमानुसार 'मालक' कोणाला म्हणतात?
(आ) प्रमाणपत्र हरवले तरी नोंद का पुसली जात नाही?

अर्ज कोणी करावा?

दुय्यम प्रमाणपत्रासाठी अर्ज मालकाने करायचा असतो, आणि मालक म्हणजे नोंदवहीतील मालक, हे आपण पाहिले. त्यामुळे कागद खरेदीदाराच्या कपाटातून गेला असला, तरी अर्जावर सही विक्रेत्याची लागते. खरेदीदाराला ही गोष्ट प्रथम अन्यायाची वाटते. मोटार माझी, हरवलेला कागद माझ्याकडचा, मग सही दुसऱ्याची कशासाठी? याचे उत्तर असे, की नियम उलटा असता तर कोणाचीही मोटार 'मी विकत घेतली होती, कागद हरवला' एवढे म्हणून कोणालाही आपल्या नावावर करून घेता आली असती.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत प्रमाणपत्र गहाळ झाले, तेथे प्रथम तशी खबर द्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ५३ वा नियम ही जबाबदारी मालकावर टाकतो. कागद प्रत्यक्षात खरेदीदाराकडून गेलेला असल्यास त्याने विक्रेत्याबरोबर जावे आणि हकीगत आपल्या तोंडाने सांगावी. ठाण्यातून मिळालेला गहाळ दाखला जपून ठेवावा. काही राज्यांच्या पोलीस दलांनी ही खबर संगणकावरून देण्याचीही सोय केली आहे. त्यानंतर नमुना २६ मधील अर्ज भरून, शुल्कासह, ज्या नोंदणी प्राधिकरणाकडे मोटारीची अखेरची नोंद आहे तेथे सादर करावा. मोटारीवर बँकेचे कर्ज असल्यास त्या अर्जावर बँकेची सही व शिक्का लागतो. कर्ज फिटले असून बोजा उतरवायचा राहिला असेल, तर नमुना ३५ भरून तो आधी उतरवून घेणे शहाणपणाचे. प्रतिज्ञापत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा ही जोडपत्रे राज्याराज्यांत थोडीफार वेगळी असतात. कार्यालयातील फलक पाहून घ्यावा.

दुय्यम प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. त्यावर नाव विक्रेत्याचेच असते. खरे काम हस्तांतरणाचे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० असे दोन कागद आहेत. नमुना २९ ही विक्रेत्याने द्यायची सूचना आहे: अमुक वाहन अमुक दिवशी अमुक व्यक्तीस विकले, असे तो कळवतो. नमुना ३० मध्ये विक्रेता आणि खरेदीदार या दोघांच्याही सह्या लागतात. मोटारीची नोंद त्याच राज्यातील असेल, तर विक्रीपासून १४ दिवसांच्या आत विक्रेत्याने कळवावे आणि ३० दिवसांच्या आत खरेदीदाराने आपल्या निवासाच्या हद्दीतील प्राधिकरणाकडे हस्तांतरणाची नोंद मागावी, असे कलम ५० सांगते. नोंद दुसऱ्या राज्यातील असल्यास विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत आहे. शिवाय मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ द्वारे मिळवावे लागते. बेळगावात राहून कोल्हापूरची मोटार घेणाऱ्यांना किंवा इंदूरला राहून नागपूरची मोटार घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

या मुदतींच्या संदर्भात विक्रेत्याला एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. प्रमाणपत्र हरवले, आता दुय्यम प्रत मिळेपर्यंत थांबू, असे म्हणून त्याने नमुना २९ ची सूचना अडवून ठेवू नये. ती त्याच्या हिताची आहे. तिची पोच घ्यावी, तारखेसह शिक्का घ्यावा. केवळ सूचना दिल्याने दायित्व पूर्णपणे सुटत नाही, नाव बदलल्यावरच ते सुटते. पण आपण लपवाछपवी केली नाही, याचा तो लेखी पुरावा असतो.

याउलट एक प्रथा मात्र सर्रास दिसते. विक्रेता कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून खरेदीदाराच्या किंवा एजंटाच्या हाती देतो आणि निश्चिंत होतो. त्यावर खरेदीदाराचे नाव नाही, तारीख नाही. खरेदीदार ती मोटार तशीच पुढे विकतो, कोरे कागदही मोटारीबरोबर पुढे जातात. वर सांगितलेल्या खटल्यासारखे प्रसंग अशा वाटेनेच येतात. सह्या करायला पाच मिनिटे लागतात, तर नाव आणि तारीख लिहायला फार तर आणखी दोन! मुद्रांकावर केलेली ताबा पावतीही उपयोगाची असते, कारण कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी ताबा दिला हे तिच्यावरून सिद्ध करता येते. पण ती नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

विक्रेता सापडतच नसेल तर? ही सर्वांत अवघड अवस्था. अशा वेळी त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावे. टपाल परत आले तरी ते पाकीट न फोडता जपावे. ताबा पावती, बँकेतून रक्कम दिल्याची नोंद आणि विम्याची कागदपत्रे घेऊन प्राधिकरणापुढे लेखी निवेदन करावे. प्राधिकरण चौकशी करते. त्याचे समाधान झाले नाही, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. विक्रेता मरण पावला असेल, तर त्याच्या वारसांना गाठावे लागते. वारसाच्या नावावर वाहन करण्यासाठी नमुना ३१ आहे. मग वारसाकडून खरेदीदाराकडे असे हस्तांतरण होते. वाट लांबची आहे, पण बंद नाही.

विम्याचा विचार बहुतेकांच्या ध्यानातून निसटतो. मोटारीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमा खरेदीदाराकडे जातो असे कायदा मानतो; तरीही विमापत्रावर आपले नाव घालण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा, असे कलम १५७ मध्ये म्हटले आहे. यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नये.

रस्त्यात पोलिसांनी कागद मागितला तर काय, ही चिंता मात्र आता पूर्वीइतकी उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांमधील प्रमाणपत्र २०१८ पासून मूळ प्रतीप्रमाणेच ग्राह्य धरले जाते. तथापि तेही नोंदवहीतील मालकाच्याच नावाचे असते. खरेदीदाराच्या भ्रमणध्वनीवर ते सहजी उमटत नाही, आणि उमटले तरी त्यावर नाव दुसऱ्याचेच!

पाठगत प्रश्न २

(अ) नमुना २६, २९ आणि ३० यांचा उपयोग प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
(आ) कोऱ्या नमुन्यावर सही करण्यात विक्रेत्याला कोणता धोका असतो?

भाषेकडे लक्ष देऊ या

'हरवणे', 'गहाळ होणे' आणि 'चोरीस जाणे' हे शब्द बोलताना आपण एकमेकांऐवजी वापरतो. अर्जात तसे करून चालत नाही. वस्तू कोठे गेली हे ठाऊक नाही, कोणी नेल्याचा संशयही नाही, अशा वेळी 'गहाळ झाली' असे लिहावे. 'चोरीस गेली' असे लिहिताच तो गुन्हा ठरतो. मग केवळ गहाळ दाखला पुरत नाही, प्रथम खबर नोंदवावी लागते. 'हरवणे' हा घरगुती शब्द आहे. शिवाय 'त्याने मला हरवले' या वाक्यात त्याचा अर्थच पालटतो. म्हणून कार्यालयीन मराठीने 'गहाळ' हा शब्द पसंत केला असावा.

'प्रत' या शब्दाचीही गंमत पाहा. छायाप्रत म्हणजे यंत्राने काढलेली प्रतिमा. साक्षांकित प्रत म्हणजे मूळ कागदाशी ताडून पाहून अधिकाऱ्याने सही केलेली. नक्कल म्हणजे दप्तरातील नोंदीवरून कार्यालयाने दिलेली प्रत. हाच शब्द रंगमंचावर गेला की लोक हसतात. आणि दुय्यम प्रत? 'दुय्यम दर्जा' म्हटले की कमी प्रतीचा असे वाटते, 'दुय्यम निबंधक' म्हटले की पदाने धाकटा. पण दुय्यम प्रमाणपत्र मोलाने मुळीच धाकटे नसते. मूळ प्रमाणपत्राने होणारी सर्व कामे त्याने होतात. पुढे मूळ कागद सापडला, तर मात्र तो वापरू नये. कार्यालयात जमा करावा.

'हस्तांतरण' या शब्दात 'हस्त' आणि 'अंतर' हे दोन शब्द आहेत. येथे 'अंतर' म्हणजे दूरत्व नव्हे, तर 'दुसरा' हा अर्थ. 'भाषांतर', 'स्थलांतर', 'रूपांतर' यांत तो असाच येतो.

अर्जाचा नमुना

नमुना २६ हा छापील अर्ज असतो. त्यासोबत वस्तुस्थिती सांगणारे एक पत्र जोडणे इष्ट असते. ते विक्रेत्याने, म्हणजे नोंदणीकृत मालकाने, पुढीलप्रमाणे लिहावे.

प्रति,
नोंदणी प्राधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, (शहराचे नाव)

विषय : मोटार क्रमांक ......... चे नोंदणी प्रमाणपत्र गहाळ झाल्याबाबत व दुय्यम प्रमाणपत्र मिळण्याबाबत.

महोदय,

वरील क्रमांकाची मोटार आपल्या कार्यालयाच्या दप्तरी माझ्या नावे नोंदलेली आहे. तिचा चेसिस क्रमांक ......... व इंजिन क्रमांक ......... असा आहे.

सदर मोटार मी दिनांक ......... रोजी श्री. क.ख.ग., राहणार ........., यांना खासगी व्यवहाराने विकली असून त्याच दिवशी मोटारीचा ताबा व मूळ नोंदणी प्रमाणपत्र त्यांच्या स्वाधीन केले. हस्तांतरणाची नोंद होण्यापूर्वीच हे प्रमाणपत्र दिनांक ......... च्या सुमारास त्यांच्याकडून गहाळ झाले. त्याबाबत ......... पोलीस ठाण्यात खबर दिली असून तेथील दाखला सोबत जोडला आहे.

सदर प्रमाणपत्र कोणाकडेही गहाण ठेवलेले नाही, तसेच कोणत्याही प्राधिकरणाने जप्त केलेले नाही. तरी दुय्यम नोंदणी प्रमाणपत्र देण्यात यावे, ही विनंती. ते मिळताच हस्तांतरणाची कागदपत्रे आम्ही उभयता सादर करू.

आपला विश्वासू,
अ.ब.क.
(नोंदणीकृत मालक)

सोबत : १. नमुना २६  २. पोलीस ठाण्याचा दाखला  ३. प्रतिज्ञापत्र  ४. ताबा पावतीची छायाप्रत  ५. श्री. क.ख.ग. यांचे लेखी निवेदन

या पत्रातील वाक्ये लहान आहेत. प्रत्येक वाक्यात एकच घटना सांगितली आहे आणि ती तारखेशी बांधलेली आहे. 'दुर्दैवाने', 'कृपाळू होऊन', 'मी अत्यंत अडचणीत आहे' असे शब्द त्यात नाहीत. अधिकाऱ्याला निर्णय घेण्यासाठी त्यांचा उपयोग नसतो. दुसऱ्या परिच्छेदाकडे विशेष लक्ष द्यावे. मोटार विकली आहे आणि कागद खरेदीदाराकडून गेला आहे, हे तेथे उघडपणे सांगितले आहे. 'विक्रीचा उल्लेखच नको, तुमच्याकडूनच हरवले असे लिहा, काम लवकर होईल' असा सल्ला कार्यालयाबाहेर हमखास मिळतो. तो मानला, तर सोबतचे प्रतिज्ञापत्रही खोटे करावे लागते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा शिक्षेस पात्र अपराध आहे. शिवाय पुढे तंटा उद्भवला, तर विक्रीची तारीख सिद्ध करणारा हाच कागद विक्रेत्याच्या विरुद्ध उभा राहतो.

'सदर', 'उभयता', 'स्वाधीन', 'दप्तरी' हे शब्द जुन्या वळणाचे वाटतील. ते वापरलेच पाहिजेत असे नाही. 'सदर मोटार' ऐवजी 'ही मोटार' म्हटले तरी चालते. मात्र 'खबर', 'दाखला', 'ताबा', 'प्रतिज्ञापत्र' यांना ठरलेला कायदेशीर अर्थ आहे. त्यांच्या जागी दुसरे शब्द घालू नयेत.

स्वाध्याय

१. 'एकाच मोटारीचे दोन मालक संभवतात.' हे विधान पाठाच्या आधारे आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.

२. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाबाबत आपले मत लिहा. विक्रेता आणि अपघातग्रस्ताचे कुटुंब या दोघांच्याही बाजूने विचार करा.

३. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा : गहाळ होणे, साक्षांकित, बोजा उतरवणे, हस्ते-परहस्ते, पोच.

४. 'अंतर' हे उत्तरपद असलेले आणखी चार शब्द शोधा. त्यांत 'अंतर' चा अर्थ 'दुसरा' असा होतो का, ते पाहा.

५. अर्जाच्या नमुन्यासोबत जोडायचे खरेदीदाराचे लेखी निवेदन आपल्या शब्दांत लिहा. प्रमाणपत्र कोठे ठेवले होते, ते नसल्याचे केव्हा लक्षात आले आणि कोठे कोठे शोधले, एवढेच त्यात यावे.

६. आपल्या राज्यातील परिवहन कार्यालयात दुय्यम प्रमाणपत्रासाठी कोणती जोडपत्रे व किती शुल्क लागते याची माहिती मिळवा आणि ती अभ्यासकेंद्रातील सहाध्यायींना सांगा.